व्यावसायिक रेसलर प्रेक्षकांच्या मनात घर का करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यावसायिक रेसलिंग म्हणजे नेमके काय आणि ते आपल्या कुस्तीपेक्षा वेगळे कसे?

तालमीतली कुस्ती हा खेळ आहे. तिथे कोण चितपट होणार हे शेवटच्या डावापर्यंत कुणालाच ठाऊक नसते. व्यावसायिक रेसलिंग हा खेळाच्या रूपात सादर होणारा प्रयोग आहे. त्यात सामन्याचा निकाल आधी ठरलेला असतो, दोघे प्रतिस्पर्धी एकमेकांचे शरीर सांभाळून डाव टाकतात आणि दोघांमधील वैराची कथा आठवड्यामागून आठवडे पुढे सरकत राहते. अमेरिकेतील डब्ल्यूडब्ल्यूई (पूर्वीचे नाव डब्ल्यूडब्ल्यूएफ) ही कंपनी आपल्याकडे सर्वांत परिचित आहे; पुढे नुसते ‘कंपनी’ म्हटले आहे ते तिलाच. मेक्सिकोतील ‘लुचा लिब्रे’ आणि जपानमधील ‘पुरोरेसु’ ही या कलेची आणखी दोन मोठी घराणी आहेत. पुढील उत्तरांत तालमीतल्या खेळाडूला ‘पैलवान’ आणि या प्रयोगातील कलावंताला ‘रेसलर’ म्हटले आहे, कारण आपल्याकडचे चाहतेही हाच फरक करतात.

निकाल आधीच ठरलेला असतो हे ठाऊक असूनही लोक इतके गुंततात कसे?

शिवचरित्रावरील नाटक पाहायला बसलेल्या प्रत्येकाला अफझलखानाचे पुढे काय होणार हे माहीत असते, तरीही भेटीच्या प्रसंगाला सारे नाट्यगृह श्वास रोखून धरते. शेवट ठाऊक असणे आणि त्या क्षणात गुंतणे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. रिंगमधले सारे खरेच आहे असा पडदा सांभाळण्याच्या रिवाजाला रेसलिंगच्या धंद्यात ‘कायफेब’ म्हणतात. पूर्वी तो इतका कडक होता की रिंगमधले वैरी बाहेर एकत्र दिसू नयेत याचीही काळजी घेतली जाई. १९८९ मध्ये, क्रीडा आयोगाच्या नियमांतून आणि करांतून सुटका व्हावी म्हणून, कंपनीनेच न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे हा प्रकार म्हणजे करमणूक असल्याचे मान्य केले. त्यानंतर प्रेक्षक ओसरायला हवे होते; प्रत्यक्षात या धंद्याची सर्वांत मोठी भरभराट १९९० च्या दशकाच्या अखेरीस झाली.

निकाल ठरलेला असला तरी अंगावरचे आघात खोटे नसतात. रिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर फळ्या, त्यांवर पातळ फोम आणि वर ताणलेले कापड. त्यावर वर्षानुवर्षे पाठीवर आपटणाऱ्या माणसाची मान, गुडघे आणि कंबर खरोखरच झिजतात. शिवाय आणखी एक गोष्ट कुणालाच आधी ठरवता येत नाही, ती म्हणजे समोर बसलेल्या हजारो माणसांचा प्रतिसाद. लोकप्रियतेचे सारे कोडे माझ्या मते तिथेच आहे. जिंकायचे कोणी हे लेखक ठरवतो. आवडायचे कोण हे मात्र प्रेक्षक स्वतः ठरवतो आणि हा हक्क तो सहजासहजी सोडत नाही.

धिप्पाड शरीर पुरेसे असते का?

धिप्पाड शरीरामुळे पहिली नजर मिळते, त्यापुढचे काही मिळत नाही. आंद्रे द जायंट या फ्रेंच रेसलरला ॲक्रोमेगली हा विकार होता आणि त्याच्या देहाकडे पाहायला लोक जगभर गर्दी करत. परंतु त्याच्यावर प्रेम जडले ते त्या प्रचंड देहातून दिसणाऱ्या सौम्यपणामुळे. २९ मार्च १९८७ रोजी मिशिगनमधील पाँटिअॅक सिल्व्हरडोममध्ये हल्क होगनने त्याला उचलून आपटले, तेव्हा कंपनीच्या सांगण्यानुसार ९३,१७३ प्रेक्षक हजर होते. या आकड्याबद्दल अभ्यासकांत वाद आहे, क्षणाच्या परिणामाबद्दल नाही. त्या दिवशी आंद्रेची पाठ विलक्षण दुखत होती आणि त्याने मनात आणले असते तर होगनला त्याला जमिनीपासून वीतभरही उचलता आले नसते. समोरच्याला मोठे करण्यासाठी त्याने आपले मोठेपण त्या रात्री देऊन टाकले. एका रेसलरची लोकप्रियता दुसऱ्याच्या औदार्यातून कशी घडते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

याच्या उलट बाजूला डस्टी रोड्स आहे. सुटलेले पोट, बोलण्यात किंचित बोबडेपणा आणि प्लंबरचा मुलगा अशी अभिमानाने सांगितलेली ओळख. व्यायामशाळेच्या जाहिरातीत त्याला कुणी उभे केले नसते. पण अमेरिकेच्या दक्षिणेतील कष्टकरी प्रेक्षकांना तो आपल्याच गल्लीतला वाटे.

माइकवर बोलण्याला इतके महत्त्व का?

डस्टीचेच उदाहरण पुढे न्यायला हवे. १९८५ च्या शरद ऋतूत रिक फ्लेअर या विजेत्याशी त्याचे वैर रंगले होते. फ्लेअर महागडे सूट, घड्याळे आणि विमानप्रवास यांची फुशारकी मारत असे. त्याला उत्तर देताना डस्टी स्वतःच्या ताकदीबद्दल फार थोडे बोलला. तो बोलला ते काम गेलेल्या कापड गिरणी कामगारांबद्दल, घरी जाऊन मुलांना काय खाऊ घालायचे या विवंचनेत असलेल्या मोटार कामगारांबद्दल आणि तीस वर्षांच्या नोकरीनंतर हातात घड्याळ देऊन, तुझी जागा आता संगणकाने घेतली असे सांगून घरी पाठवलेल्या माणसाबद्दल. खरे हलाखीचे दिवस ते, असे त्याचे म्हणणे होते. १९८२ चा संप अनुभवलेल्या गिरणगावातील मराठी वाचकाला ते भाषण का भिडले असेल हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. त्यानंतर डस्टी फ्लेअरशी लढणार होता तो एकट्यासाठी नव्हे, अशी भावना लोकांची झाली आणि तिकिटे त्या भावनेपोटी विकली गेली.

अशा भाषणाला ‘प्रोमो’ म्हणतात. चांगल्या प्रोमोत रेसलर आपल्या रागाचे कारण सांगतो, आणि ते कारण ऐकणाऱ्याच्या आयुष्यातही कुठेतरी असते. २३ जून १९९६ रोजी मिलवॉकीत स्टीव्ह ऑस्टिनने केलेल्या भाषणाचेही तसेच झाले. पराभूत जेक रॉबर्ट्सच्या धार्मिक बोलण्याला टोला म्हणून त्याने ‘ऑस्टिन ३:१६’ हे शब्द उच्चारले आणि लवकरच प्रेक्षकांत घरी रंगवलेले तेच फलक दिसू लागले. लोकांनी ते वाक्य उचलून आपले केले होते.

कंपनी ज्याला पुढे आणते तोच लोकप्रिय होतो, हे खरे नाही का?

या समजाला इतिहास वारंवार खोटे पाडतो, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

नोव्हेंबर १९९६ मध्ये रॉकी मायविया नावाचा तरुण पदार्पण करता झाला. त्याचे वडील आणि आजोबा दोघेही नामांकित रेसलर होते, शरीर देखणे होते, चेहऱ्यावर सतत हसू होते आणि कंपनीने त्याला पहिल्याच रात्री विजयी केले. काही महिन्यांतच प्रेक्षक त्याच्या नावाने शिमगा करू लागले, अगदी त्याच्या मरणाच्या घोषणा देण्यापर्यंत मजल गेली. हा मुलगा आपल्यावर लादला जात आहे, त्याने काही सोसलेले नाही, असे त्यांना वाटत होते. १९९७ मध्ये त्याला खलनायकांच्या गटात टाकण्यात आले, तेव्हा त्याने प्रेक्षकांवरचा आपला खरा राग बोलून दाखवला, स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषात करायला सुरुवात केली आणि ‘द रॉक’ हे नाव घेतले. वर्षभरात तेच प्रेक्षक त्याच्या प्रत्येक वाक्याला साथ देऊ लागले. माणूस तोच होता. फरक इतकाच की आता तो त्यांच्याशी खरे बोलत होता.

डॅनियल ब्रायनची कथा नेमकी उलट्या दिशेने जाते. तो सरासरी बांध्याचा, दाढीवाला, छोट्या छोट्या सभागृहांत वर्षानुवर्षे लढून घडलेला कसबी रेसलर होता. १ एप्रिल २०१२ रोजी मायामीत, रेसलमेनिया या वर्षाच्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात, तो अवघ्या १८ सेकंदांत शेमसकडून हरला. हे पाहून दूर देशांतून आलेल्या चाहत्यांना तो स्वतःचा अपमान वाटला आणि दुसऱ्या रात्री सबंध सभागृह त्याचा ‘येस, येस’ हा घोष करत राहिले. पुढची दोन वर्षे कंपनी त्याला मधल्या फळीतला मानत राहिली आणि प्रेक्षक ते नाकारत राहिले. २६ जानेवारी २०१४ रोजी पिट्सबर्गमध्ये तीस जण एकामागून एक रिंगमध्ये उतरतात तो रॉयल रंबल सामना झाला. शेवटच्या, तिसाव्या क्रमांकावर ब्रायन येईल या आशेवर असलेल्या लोकांपुढे रे मिस्टेरिओ आला. रे हा सर्वांचा लाडका. पण त्या रात्री त्याचीही हुर्यो उडाली. अखेर ठरलेली कथा बदलावी लागली. ६ एप्रिल २०१४ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रायनने एकाच रात्री आधी ट्रिपल एचला हरवले आणि मग रँडी ऑर्टन आणि बतिस्ता यांच्याविरुद्धच्या तिहेरी लढतीत अजिंक्यपद जिंकले. तो विजय लेखकाने लिहिला असला तरी तो लिहायला लावला तो लोकांनी.

पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियात रोमन रेन्सला रॉयल रंबल जिंकून दिले गेले. त्याच्या पाठीशी उभे राहायला खुद्द रॉकला बोलावण्यात आले, तरी सभागृहातील विरोधाचा आवाज तिळमात्र कमी झाला नाही. रेन्सला प्रेक्षकांनी मनापासून मानले ते २०२० नंतर, पॉल हेमनला प्रवक्ता म्हणून सोबत घेऊन तो गर्विष्ठ कुटुंबप्रमुखाच्या खलभूमिकेत आला तेव्हा. १,३१६ दिवस त्याने अजिंक्यपद राखले आणि त्याचा प्रत्येक संथ, दीर्घ प्रवेश लोक कौतुकाने पाहत राहिले.

ज्याची हुर्यो उडते त्या खलनायकाला लोकप्रिय म्हणायचे का?

निश्चितच म्हणायला हवे. निळू फुले यांनी रंगवलेल्या पाटलाला प्रेक्षक शिव्या घालत, आणि ती शिवी म्हणजे नटाला मिळालेली सर्वांत प्रामाणिक दाद होती. रेसलिंगमध्ये सज्जन पात्राला ‘बेबीफेस’ आणि दुर्जन पात्राला ‘हील’ म्हणतात, आणि अनुभवी मंडळी हीलचे काम अधिक अवघड मानतात, कारण सामन्याची गती बहुधा तोच सांभाळतो.

दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या काळात अमेरिकेत गॉर्जस जॉर्जने हे सिद्ध केले. सोनेरी रंगवलेले केस, झगमगते झगे, आधी रिंगमध्ये अत्तर शिंपडणारा सेवक आणि मग सावकाश येणारा हा आत्मप्रेमी माणूस. तो हरावा म्हणून लोक पैसे मोजून येत. तरुण मुहम्मद अलीने १९६१ मध्ये लास व्हेगासमध्ये त्याला पाहिले आणि फुशारकीने प्रेक्षागृह भरता येते हा धडा तिथून घेतल्याचे स्वतः सांगितले.

हीलच्या भूमिकेची एक कडू बाजूही नोंदवायला हवी. परकीय देशाचा, परक्या धर्माचा किंवा वर्णाचा माणूस म्हणजे दुष्ट, हा सोपा मार्ग या धंद्याने पुष्कळदा पत्करला. इराणमध्ये खरोखर कुस्तीचे शिक्षण घेतलेल्या आयर्न शेखला तेहरानमधील अमेरिकी दूतावासाच्या ओलीस प्रकरणाच्या संतापाचे लक्ष्य बनवण्यात आले आणि २३ जानेवारी १९८४ रोजी त्याला हरवूनच होगनचे पर्व सुरू झाले. अशा द्वेषातून मिळालेली प्रसिद्धी मला कलेची दाद वाटत नाही.

सज्जन पात्र दुर्जन झाले, किंवा उलट झाले, तर चाहते तुटत नाहीत का?

बदल मनातून पटला तर उलट जोडले जातात. २३ मार्च १९९७ रोजी शिकागोजवळ ब्रेट हार्ट आणि ऑस्टिन यांच्या लढतीत एकाच सामन्यात दोघांच्या भूमिका उलटल्या. ब्रेटने पायांना घातलेल्या पेचात अडकलेला, कपाळातून रक्त वाहत असलेला ऑस्टिन वेदनेने किंचाळत होता. पण त्याने हार कबूल केली नाही, शेवटी तो शुद्ध हरपून पडला. सामना ब्रेट जिंकला, प्रेक्षक मात्र ऑस्टिनने जिंकले. त्या दिवशी सभागृहात शिरताना ज्याची हुर्यो उडाली होती, तो बाहेर पडताना नायक झाला होता.

होगनच्या बाबतीत ७ जुलै १९९६ रोजी लोकांनी रिंगमध्ये कचरा फेकला, कारण बारा वर्षे नायक असलेला हा माणूस शत्रूला जाऊन मिळाला होता. १७ मार्च २००२ रोजी टोरोंटोत तोच होगन हील म्हणून रॉकसमोर उभा राहिला, तेव्हा साठ हजारांहून अधिक माणसांनी ठरलेली भूमिका झुगारून त्याचाच जयजयकार केला. बालपणीच्या आठवणी कथेपेक्षा बळकट ठरल्या आणि दोघांनी अनुभवाच्या जोरावर सामन्याचा सूर तिथल्या तिथे बदलला.

वेदना आणि रक्त पाहायला लोक येतात का?

काही जण येतात; मात्र लोकप्रियता रक्तामुळे मिळत नाही, ती रक्त येऊनही न थांबण्यामुळे मिळते. ५ जून २०२२ रोजी कोडी रोड्स, म्हणजे वर उल्लेखलेल्या डस्टीचा मुलगा, छातीचा स्नायू फाटलेला असताना सेथ रॉलिन्सशी पिंजऱ्यातील सामना लढला. त्याने जाकीट उतरवले तेव्हा अर्धी छाती आणि दंड काळानिळा झालेला दिसला आणि सभागृहात क्षणभर जी कुजबुज पसरली ती कुठल्याही लेखकाला लिहिता आली नसती. ७ एप्रिल २०२४ रोजी त्याने रेन्सचे दीर्घ पर्व संपवले, तेव्हा लोकांना ती काळीनिळी छाती आठवत होती.

मिक फोलीचे उदाहरण मी कौतुकाने आणि अस्वस्थपणाने, अशा दोन्ही भावनांनी देतो. २८ जून १९९८ रोजी अंडरटेकरने त्याला सुमारे सोळा फूट उंच पिंजऱ्यावरून खाली समालोचकांच्या टेबलावर फेकले. तो पुन्हा वर चढला आणि मग पिंजऱ्याच्या छतातून आत कोसळला. तो सामना फोली हरला, तरी त्याची आठवण विजेत्यापेक्षा जास्त काढली जाते. परंतु अशा धाडसाची किंमत मोठी असते. मानेच्या दुखापतींमुळे ऑस्टिनला २००३ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, नियमित रेसलिंग सोडावे लागले आणि २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत सभागृहाच्या छतावरून दोराने रिंगमध्ये उतरताना कोसळून ओवेन हार्ट या रेसलरचा मृत्यू झाला. त्यामुळे अधिक उंचीवरून उडी म्हणजे अधिक प्रेम, हे गणित कोणत्याही तरुण रेसलरने मनात धरू नये, आणि घरी गादीवर हे डाव करून पाहणाऱ्या मुलांना तर पालकांनी स्पष्ट शब्दांत थांबवावे.

वेशभूषा, मुखवटा आणि एन्ट्री यांचा वाटा किती?

आपल्या लोककलांत पात्राचा प्रवेश हाच अर्धा प्रयोग असतो. दशावतारात संकासुर येतो तेव्हा काय होते ते कोकणातील वाचकांना ठाऊक आहे. अंडरटेकर १९९० मध्ये आला तो काळी टोपी आणि काळा झगा घालून, मृत्युघंटेसारख्या ठोक्यांसह, अंधारातून अतिशय सावकाश चालत. सारे रेसलर धावत येत असताना हा संथपणाच त्याची ओळख ठरला. ऑस्टिनची एन्ट्री काच फुटल्याच्या आवाजाने सुरू होई आणि तो पहिला आवाज कानी पडताच प्रेक्षक उभे राहत.

मुखवट्याचे महत्त्व मेक्सिकोत सर्वाधिक आहे. एल सान्तो या रुपेरी मुखवट्याच्या रेसलरने चार दशके आपला चेहरा लोकांना दिसू दिला नाही. जानेवारी १९८४ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याने मुखवटा क्षणभर वर सरकवला, काही दिवसांतच, ५ फेब्रुवारीला, त्याचे निधन झाले आणि मुखवट्यासह त्याचे दफन करण्यात आले. चेहरा नसल्यामुळे तो कुठल्याही गरीब घरातला माणूस असू शकत होता.

सतत जिंकणाऱ्याला लोक कंटाळत नाहीत का?

विजयांमागे लोकांची भावना असेल तर कंटाळत नाहीत. इटलीतून स्थलांतर करून पिट्सबर्गला आलेला ब्रुनो सॅमार्टिनो १९६३ ते १९७१ असे २,८०३ दिवस अजिंक्य राहिला आणि न्यूयॉर्कमधील स्थलांतरित समाजांनी मॅडिसन स्क्वेअर गार्डन त्याच्यासाठी वारंवार भरून टाकले. १८ जानेवारी १९७१ रोजी इव्हान कोलॉफने त्याला हरवले, तेव्हा सभागृह इतके नि:शब्द झाले की आपले कान बिघडले की काय अशी शंका आल्याचे ब्रुनोने पुढे सांगितले. ब्रायनच्या विजयाच्याच रात्री न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रॉक लेसनरने अंडरटेकरची रेसलमेनियातील सलग २१ विजयांची मालिका तोडली, तेव्हाही टाळ्या किंवा हुर्यो यांपैकी काहीच आधी ऐकू आले नाही. डोक्याला हात लावून बसलेले, तोंड उघडे राहिलेले चेहरेच तेवढे पडद्यावर दिसत होते.

जॉन सीनाच्या बाबतीत मात्र सततच्या विजयांनी सभागृह दुभंगले. मुले आणि स्त्रिया त्याच्या नावाचा जयघोष करत, तरुण पुरुष त्याच चालीत त्याला नावे ठेवत, आणि हा सवाल-जवाब दहा वर्षांहून अधिक काळ चालला.

महिला रेसलरची लोकप्रियता वेगळ्या कारणांनी घडते का?

कारणे तीच आहेत, संधी मात्र फार उशिरा मिळाली. ऑगस्ट २०१८ मध्ये बेकी लिंचने मैत्रीण शार्लटवर हल्ला केला. लोकांनी तिचा द्वेष करावा अशी कंपनीची योजना होती. पण प्रेक्षकांच्या मते ती इतके दिवस डावलली गेली होती, म्हणून त्यांनी तिचीच बाजू घेतली. नोव्हेंबरमध्ये एका हाणामारीत तिचे नाक खरोखर फुटले आणि रक्ताळलेल्या चेहऱ्याने, हात पसरून, गर्दीत उभी राहिलेली तिची छबी सर्वत्र पोहोचली. ७ एप्रिल २०१९ रोजी रेसलमेनियाचा अखेरचा सामना पहिल्यांदाच महिलांचा झाला आणि तो बेकीने जिंकला.

भारतात हे वेड कसे रुजले?

मुंबईत या रेसलिंगला ‘फ्रीस्टाइल’ म्हणत. १९५० आणि ६० च्या दशकांत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंग काँग यांच्या लढतींना अलोट गर्दी होई. किंग काँग देहाने कितीतरी अवाढव्य होता आणि दारासिंग त्याला पेलून फेकत, हेच त्या लढतींचे आकर्षण होते. १९६८ मध्ये मुंबईतच त्यांनी लू थेस्झ या नामवंत अमेरिकन रेसलरवर विजय मिळवला. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाला आपल्या मातीतला एक माणूस परदेशी देहाला भारी पडताना पाहायचा होता. युद्धात हरलेल्या जपानमध्ये फेब्रुवारी १९५४ पासून रिकिदोझानने हेच केले. घरी दूरचित्रवाणी संच नसलेले लोक चौकात लावलेल्या संचांपुढे दाटीने उभे राहून त्याला अमेरिकनांशी झुंजताना पाहत. तो जन्माने कोरियन होता, ही गोष्ट त्यांच्यापासून लपवून ठेवण्यात आली होती.

पुढची लाट १९९० च्या दशकात केबलबरोबर आली. त्या काळात शाळेत असलेल्या मराठी मुलांना उंची, वजन, छाती, दंड आणि रँक छापलेले डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते आठवत असतील. कित्येकांना पौंडांचे आकडे पाढ्यांपेक्षा चांगले पाठ होते. १९९६ च्या एका हिंदी चित्रपटात अक्षय कुमारने अंडरटेकरला हरवले, असे आम्ही वर्गात शपथेवर सांगत असू. ती भूमिका प्रत्यक्षात ब्रायन ली या दुसऱ्याच रेसलरने केली होती.

हिमाचलमधील दलीपसिंग राणा ‘द ग्रेट खली’ म्हणून २००६ मध्ये आला आणि जुलै २००७ मध्ये वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला. त्याच्या हालचाली संथ होत्या आणि जाणकारांनी त्यावर बरीच टीका केली, तरी गरीब घरातून आलेल्या, दगड फोडण्याचे काम केलेल्या त्या माणसाबद्दल इथल्या लोकांना वाटणारा जिव्हाळा टिकून राहिला. २०१७ मध्ये कॅनडात जन्मलेल्या जिंदर महालला अचानक सर्वोच्च अजिंक्यपद दिले गेले; भारतीय बाजारपेठेवर नजर ठेवून घेतलेल्या त्या निर्णयाला तसा जिव्हाळा लाभला नाही. रंग आणि आडनाव आपले असले म्हणजे पुरते, असे भारतीय प्रेक्षकांना गृहीत धरणे चुकीचे होते.

पैलवानाची लोकप्रियता आणि रेसलरची लोकप्रियता यांत साम्य आहे का?

शाहू महाराजांच्या काळात उभ्या राहिलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात हलगी कडाडते आणि पैलवान लाल माती अंगाला लावून शड्डू ठोकतो, तेव्हा त्याच्यामागे त्याची तालीम, त्याचा वस्ताद आणि त्याचे गाव उभे असते. निकाली कुस्तीचा आग्रह धरणारा प्रेक्षक बरोबरीत सुटलेल्या कुस्तीवर नाराज होतो, पण चिवटपणे लढून हरलेल्या पोरालाही पटक्याच्या टोकाला बांधलेली नोट सोडून देतो. सोसणाऱ्याला ओळखण्याची ही नजर दोन्हीकडे सारखीच आहे. तरीही दोन्ही गोष्टी एका तराजूत घालू नयेत. पैलवानाला कथा रचता येत नाही. त्याचे यश डावावर, खुराकावर आणि त्या दिवसावर अवलंबून असते, आणि म्हणूनच त्याचा मान निराळा आहे.

रिंगबाहेरच्या वागण्याचा परिणाम होतो का?

अलीकडे फार होतो. गंभीर आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणाऱ्या संस्थेसाठी सीनाने ६५० हून अधिक मुलांची भेट घेतली, आणि एकेकाळी त्याची हुर्यो उडवणाऱ्यांनीही पुढे त्याला मनापासून मानले. दुसरीकडे, वर्णद्वेषी बोलण्याचे ध्वनिमुद्रण उघड झाल्यावर २०१५ मध्ये होगनचा करार रद्द झाला. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या सभागृहात तो आला, तेव्हा त्याची हुर्यो उडाली, आणि ती कुठल्याही पात्राची नव्हती. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याचे निधन झाले.

आवडत्या रेसलरचा निरोपाचा सामना पराभवाने का संपवतात?

या कलेत जाणाऱ्याने आपले नाव पुढच्याला देऊन जायचे असा जुना रिवाज आहे. ३० मार्च २००८ रोजी ओरलँडोत रिक फ्लेअर आणि शॉन मायकल्स समोरासमोर आले, तेव्हा फ्लेअरच्या डोळ्यांत पाणी होते आणि शेवटचा प्रहार करण्याआधी मायकल्सने त्याची क्षमा मागितली. १३ डिसेंबर २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये सीनाचा अखेरचा सामना गुंथरशी झाला. हार न मानणे हीच ज्याची वीस वर्षांची ओळख होती, त्याने त्या रात्री गळ्याच्या पेचात हसत हसत टॅप केले, म्हणजे हाताने थोपटून हार कबूल केली. सभागृहातील लोक संतापले, निर्णय घेणाऱ्यांच्या नावाने ओरडले आणि मग बराच वेळ जागेवरून न हलता त्याच्यासाठी टाळ्या वाजवत राहिले.